मिरामारचा एक्स्पो: गोव्याच्या ७०.३ आधीचे दोन दिवस

गोव्याची आयर्नमॅन ७०.३ पहिल्यांदा झाली २० ऑक्टोबर २०१९ रोजी, पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. तिन्हींची बेरीज ७०.३ मैल, म्हणून हे नाव. शर्यत रविवारी सकाळी असते. पण शुक्रवार-शनिवारचा एक्स्पो, म्हणजे नोंदणी, सायकल-दुरुस्ती आणि खरेदीचा मेळा, नीट पार पडला नाही, तर महिनोन्‌महिने केलेला सराव रविवारी कामी येत नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पुणे, कोल्हापूर, मुंबईहून दरवर्षी बरीच मंडळी पहिल्यांदा येतात आणि एक्स्पोला खरेदीची जत्रा समजून शनिवारी दुपारी रमतगमत पोचतात. तोवर रांगा लांबलेल्या असतात, मेकॅनिककडे जागा उरलेली नसते आणि हवी ती ट्यूब संपलेली असते.

आमच्या मते एक्स्पोत तीन कामं असतात आणि त्यांचा क्रम बदलू नये: आधी कागदपत्रं, मग सायकल आणि शेवटी बाजार. पहिली दोन शुक्रवारी दुपारपर्यंत उरकली, तर तिसऱ्याला भरपूर वेळ मिळतो. शनिवारची दुपार मग पाय वर करून पडायला मोकळी राहते.

शुक्रवारी काउंटर उघडायच्या वेळेला जायचं. फोटो असलेलं मूळ ओळखपत्र लागतं. मोबाइलमधल्या फोटोवर काम भागेल या भरवशावर राहू नये. आपला बिब (अंगावर लावायचा क्रमांक) दुसऱ्याने उचललेला चालत नाही. रिले संघ असेल तर तिघंही एकदम हजर हवेत, कारण प्रत्येकाची सही आणि प्रत्येकाचा मनगटपट्टा वेगळा. एकाचं विमान संध्याकाळी असेल तर बाकी दोघांनी सकाळी रांगेत उभं राहण्यात काही अर्थ नाही. तो मनगटपट्टा एकदा बांधला की शर्यत संपून सायकल परत ताब्यात घेईपर्यंत काढायचा नाही. ट्रान्झिशनमध्ये (एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना सामान बदलण्याच्या जागेत) तोच पाहून सोडतात आणि सायकल बाहेर नेताना पट्ट्यावरचा आकडा सायकलवरच्या आकड्याशी ताडून बघतात. बांधणाऱ्या स्वयंसेवकाला एक बोट आत जाईल इतका सैल ठेवायला सांगा. उष्म्याने मनगट सुजतं, आणि घट्ट पट्टा पोहताना काचतो.

पाकीट हातात आल्यावर तिथेच बाजूला बसून उघडायचं. त्यात बिब, पोहण्याची टोपी आणि स्टिकरांचा कागद असतो. आयर्नमॅनच्या पिशव्यांचे रंग जगभर ठरलेले आहेत: निळी सायकलच्या सामानाची, लाल धावण्याच्या सामानाची, पांढरी अंगावरच्या कपड्यांची. प्रत्येक स्टिकरवरचा आकडा बिबवरच्या आकड्याशी जुळतो का, हे काउंटर सोडण्याआधी बघावं. अदलाबदल क्वचित होते, पण झाली तर ती तिथेच दोन मिनिटांत सुटते. हॉटेलवर गेल्यावर लक्षात आली तर अर्धा दिवस जातो. बिबच्या मागच्या बाजूला घरच्यांचा फोन नंबर, रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी लिहायची जागा असते. ती बॉलपेनने भरा. जेलपेनची शाई घामाने पसरते.

टायमिंग चिप कधी एक्स्पोत मिळते, कधी सायकल जमा करताना. मिळाली की तपासणीच्या मशीनसमोर धरून पडद्यावर आपलंच नाव येतं का ते बघायचं. ती डाव्या घोट्याला बांधतात, कारण सायकलची साखळी उजवीकडे असते. पट्टा नुसत्या कातडीवर घासला तर समुद्राच्या खाऱ्या पाण्याने घोटा सोलवटतो. घोट्याभोवती आधी व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा.

स्टिकरं लावण्याचं काम संध्याकाळच्या गप्पांमध्ये करायचं नसतं. फ्रेमला पॉलिश किंवा साखळीच्या तेलाचा हात लागलेला असेल तर गोव्याच्या दमट हवेत स्टिकर रात्रीत सुटतं. आधी कोरड्या फडक्याने, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. सीटपोस्टचं (सीटखालच्या दांडीचं) स्टिकर पोस्टभोवती गुंडाळून मागच्या बाजूला चिकट भागाला चिकट भाग लावतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी आकडा वाचता येतो. चपट्या एरो सीटपोस्टवर ते पुरतं वळत नाही. तिथे कडा पारदर्शक टेपने दाबाव्या लागतात. मागचा लाल दिवा त्याच पोस्टवर असेल तर तो स्टिकरच्या वर किंवा खाली सरकवा.

आता सायकल, आणि इथे आम्ही मुद्दाम रेंगाळणार आहोत.

मोटारीने येणाऱ्यांचं सोपं असतं, सायकल जशी घरून निघाली तशीच पोचते. विमानाने दाबोळी किंवा मोपाला येणाऱ्यांची सायकल डब्यात सुटी होऊन येते. डबा खोलणं, जोडणी करणं आणि एक छोटी फेरी मारणं हे एक्स्पोत जाण्याआधी, गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी पहाटे झालेलं असावं. म्हणजे मेकॅनिकच्या स्टॉलवर जाताना नक्की काय बिघडलं आहे ते आपल्याला माहीत असतं. ‘जरा सगळं बघून घ्या’ म्हणणाऱ्याला मेकॅनिक शेवटी घेतो, आणि त्याचं बरोबरच आहे. ‘तिसऱ्या-चौथ्या दातचक्रावर साखळी उडी मारते’ असं सांगणाऱ्याचं काम पाच मिनिटांत होतं.

प्रवासात सगळ्यात जास्त वाकतो तो हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (साखळी एका दातचक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) फ्रेमला जोडणारा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून आधी वाकणारा हा मऊ धातूचा तुकडा असतो. तपासायचं कसं, तर सायकल सरळ उभी करून मागून, चाकाच्या रेषेत डोळा लावून बघा. डिरेलरच्या दोन्ही छोट्या चाकांची रेघ वरच्या दातचक्राला समांतर हवी. खालचं टोक आत, स्पोककडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकला आहे. मग सगळ्यात मोठ्या दातचक्रावर साखळी टाकून पेडल हाताने हळू फिरवा आणि डिरेलर स्पोकच्या किती जवळ जातो ते बघा. तो तिथे स्पोकला टेकला तर चढावर ताकद लावताच स्पोकमध्ये अडकून डिरेलर, चाक आणि कधी फ्रेमही जाते. केबल ओढून गिअर ‘बसवणं’ हा त्यावर इलाज नव्हे. मेकॅनिककडे हँगर सरळ करण्याचं लांब दांड्याचं मोजमाप-हत्यार असतं, ते लावायला सांगा. फारच वाकलेला हँगर सरळ करताना तुटूही शकतो, आणि प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असल्याने एक्स्पोत तो मिळण्याची शक्यता जवळपास नाही. अलीकडच्या काही सायकलींना स्रॅम कंपनीचा सर्वांना चालणारा यूडीएच हँगर असतो. बाकी सगळ्यांनी स्वतःचा एक जास्तीचा हँगर घरूनच आणावा. वजन काही ग्रॅम, किंमत सायकलच्या मानाने नगण्य.

दुसरी नेहमीची तक्रार डिस्क ब्रेकची. चाक काढलेलं असताना डब्यात ब्रेकचा लिव्हर दाबला जातो, पॅड एकमेकांकडे सरकतात आणि मग रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही, गेला तर घासत राहतो. म्हणून पॅक करताना कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) प्लॅस्टिकचा तुकडा घालतात. विसरला असेल तर पॅड काढून पिस्टन प्लॅस्टिकच्या टायर-लिव्हरने सावकाश मागे ढकलायचे, स्क्रू ड्रायव्हरने नाही, पिस्टनची कड तुटते. रोटरला हात लागला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. बोटांचं तेल आणि सनस्क्रीन रोटरवर गेलं की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही.

इलेक्ट्रॉनिक गिअरवाल्यांनी बॅटरी आधी बघावी. शिमानोच्या डीआय२ मध्ये डब्यात बटण दाबलं गेलं की मोटर धडपडत राहते आणि बॅटरी उतरते. स्रॅमच्या अ‍ॅक्सिस प्रणालीत डिरेलरच्या बॅटऱ्या काढून केबिनच्या सामानात आणाव्या लागतात, आणि त्या हॉटेलच्या चार्जरवर विसरण्याचं प्रमाण फार आहे. शिफ्टरमधला सीआर२०३२ हा सेल पणजीत कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. डिरेलरची बॅटरी तशी मिळत नाही.

जोडणी करताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) वापरा. कार्बन सीटपोस्ट आणि स्टेमच्या बोल्टवर बहुधा ५ न्यूटन मीटर लिहिलेलं असतं. जे लिहिलं असेल तेच पाळायचं. पोस्टला कार्बन पेस्ट न लावता नुसता बोल्ट आवळला तर खड्ड्यांनी सीट खाली सरकते, आणि सेंटीमीटरभर सरकलेली सीट ९० किलोमीटरमध्ये गुडघ्याला कळते. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घाईत आटे मारले जातात. दोन्ही पेडल आधी बोटांनी तीन-चार फेरे बसवा आणि मगच पाना लावा.

बाजाराकडे वळताना पहिली खरेदी पंक्चरनंतर टायर झटपट भरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या काडतुसांची. विमानातून आणताना ती सुरक्षा तपासणीत बहुतेक वेळा काढून घेतली जातात, म्हणून विमानाने आलेल्यांना एक्स्पोशिवाय पर्याय नसतो, आणि म्हणूनच ती सगळ्यात आधी संपतात. १६ ग्रॅमचं एक काडतूस २५ किंवा २८ मिलिमीटरच्या टायरला पुरतं. दोन घ्यावीत, म्हणजे पहिलं नीट बसलं नाही तरी हात रिकामे राहत नाहीत. घेताना आपला इन्फ्लेटर (काडतूस व्हॉल्व्हला जोडणारं तोंड) सोबत न्या. आटे असलेली आणि नसलेली अशी दोन प्रकारची काडतुसं असतात, आणि आट्यांच्या इन्फ्लेटरला बिनआट्याचं काडतूस बसत नाही. वापरताना ते गोठण्याइतकं गार पडतं, म्हणून रबरी आवरण किंवा जुना मोजा गुंडाळून धरा. हा वायू साध्या ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर पाझरतो. शर्यत तेवढ्यावर आरामात होते, पण दुसऱ्या दिवशी पंपाने नेहमीची हवा भरून घ्यावी. बंद मोटारीत उन्हात काडतुसं ठेवू नयेत.

ट्यूब घेताना रुंदीआधी व्हॉल्व्हची लांबी बघा. खोल रिमची चाकं लावणारे अनेकजण ४८ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हची ट्यूब उचलतात आणि पंक्चर झाल्यावर त्यांना कळतं, की ५० मिलिमीटरच्या रिममधून व्हॉल्व्ह बाहेरच येत नाही. ५० च्या रिमला ६० ते ८० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह हवा. तो नसेल तर जोडनळी घ्यावी, पण ती घेताना आपल्या व्हॉल्व्हचा गाभा सुटतो की नाही हे बघून त्या प्रकारची घ्यावी. ट्यूबलेस वापरणाऱ्यांनीही एक ट्यूब बाळगावी. टायर कापला गेला तर आतला सीलंट (भोक बुजवणारा द्रव) पुरत नाही.

खाण्यापिण्याच्या स्टॉलवर गर्दी सगळ्यात जास्त आणि नुकसानही इथेच जास्त. चवीला दिलेल्या छोट्या पेल्यातलं पेय दोन घोट छान लागतं, तेच सायकलवर दुसऱ्या तासाला उन्हात कोमट होऊन नकोसं होतं. आमचा नियम साधा आहे: लांब सरावात किमान तीनदा पोटाने मान्य केलेलंच शर्यतीत. स्टॉलवर नवं काही आवडलं तर विकत घ्या आणि घरी न्या. एक अपवाद आहे. शर्यतीच्या मार्गावर जे पेय आणि जेल मिळणार, ते अ‍ॅथलीट गाइडमध्ये लिहिलेलं असतं. त्याचा स्टॉल असेल तर चव शुक्रवारीच घेऊन ठेवा, म्हणजे बाटली सांडली तर तिथलं घ्यायचं की नाही हे आधी ठरलेलं असेल.

हिशेब कागदावर करून जा. सायकलला तीन तास धरले आणि तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यायचं ठरवलं तर १८० ग्रॅम लागतात. जीयू जेलच्या एका पाकिटात साधारण २२ ग्रॅम असतात, मॉर्टेनच्या जेल १०० मध्ये २५. नुसत्या जेलवर भागवायचं तर सात-आठ पाकिटं होतात, म्हणून बरेचजण निम्मं बाटलीत विरघळवतात. तासाला ६० च्या वर जायचं तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असलेलं मिश्रण लागतं, कारण आतड्यात दोघांची शोषणाची वाट वेगळी आहे. नुसत्या ग्लुकोजने ९० ग्रॅम गाठायला गेलं की पोट फुगतं. मीठही मोजा. सॉल्टस्टिकच्या एका कॅप्सूलमध्ये २१५ मिलिग्रॅम सोडियम असतं. एक लिटर घामातून माणसागणिक ४०० ते १००० मिलिग्रॅम, कधी त्याहून जास्त सोडियम जातं. काळ्या कपड्यावर पांढरे पट्टे उमटणाऱ्यांनी वरच्या टोकाचा हिशेब धरावा. मिठासोबत पाणी हवं, नुसत्या कॅप्सूल गिळून मळमळ होते. कॅफीनचे जेल घेताना एकूण बेरीज करा. ७० किलोच्या माणसाला शर्यतभरात २०० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं, आणि मॉर्टेनच्या कॅफीनवाल्या एकाच जेलमध्ये १०० असतात.

वेटसूटचा (अंग गरम ठेवणाऱ्या पोहण्याच्या रबरी पोशाखाचा) स्टॉल दिसला तर गोव्यासाठी तिथे थांबायचं कारण नाही. आयर्नमॅनच्या नियमानुसार वयोगटातल्या स्पर्धकांना २४.५ अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यात वेटसूट चालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथला समुद्र त्याहून बराच कोमट, २८ अंशांच्या आसपास असतो. गॉगल मात्र नीट निवडावा. मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे समुद्रात जाताना सूर्य पाठीशी आणि किनाऱ्याकडे परतताना थेट डोळ्यांत येतो. पारदर्शक काचांनी बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसेनासा होतो आणि दोनशे मीटर उगाच जास्त पोहावं लागतं. गडद किंवा आरशाच्या काचा घ्या. गॉगल पट्ट्याशिवाय डोळ्यांवर दाबून बघायचा. चार-पाच सेकंद आपोआप चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा आहे.

बुटांवर सवलत चांगली मिळते. घ्यायचेच तर दुपारनंतर, पाय थोडे सुजलेले असताना मापून घ्या. ते पुढच्या मोसमासाठी. टी-शर्टावर सगळ्या स्पर्धकांची नावं छापलेली असतात, त्याचे मधले साइझ शुक्रवारीच संपतात. बाकी मसाजच्या खुर्च्या, कंपन करणाऱ्या बंदुका, बर्फाचे टब यांपासून शनिवारी लांब राहा. शर्यतीआधी खोल दाबून घेतलेल्या पोटऱ्या रविवारी जड पडतात. एक्स्पोतला एकूण वेळ दीड तासाच्या पुढे जाऊ देऊ नका, हातात पाण्याची बाटली ठेवा आणि जमेल तिथे बसून घ्या.

स्टॉलपेक्षा आम्हाला जास्त मोलाची वाटते ती मार्गाची माहिती देणारी माणसं. शर्यतीचे नियम सांगणाऱ्या ब्रीफिंगला बसाच. पुढच्या सायकलपासून राखायचं १२ मीटरचं अंतर पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत मोजतात, त्या अंतरात शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे गेलं पाहिजे, आणि निळं कार्ड दाखवलं तर पाच मिनिटं पेनल्टी तंबूत थांबावं लागतं. पण ब्रीफिंग संपल्यावर एखाद्या मार्गप्रमुखाला गाठून आणखी तीन प्रश्न विचारा: गतिरोधक नेमके कुठे आहेत, पाण्याची ठिकाणं किती अंतरावर आहेत, आणि वळणावर वाळू आहे का. गतिरोधकांवर सीटमागच्या धारकातून बाटल्या उडतात. त्यांच्या जागा आधी कळल्या तर तिथे वेग कमी करता येतो किंवा धारकाला आधीच रबर बांधता येतं.

शनिवारी सायकल जमा करताना तीन गोष्टींची तपासणी होते: सायकल, हेल्मेट, स्टिकर. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं हवीत. एक हरवलं असेल तर मेकॅनिककडे मिळतं, पण तिथे परत जायला रांग मोडावी लागते, म्हणून निघण्याआधी बघा. हेल्मेटचा पट्टा गळ्याशी नीट बसतो का हेही पाहतात. रविवारी हा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नसतो. जमा करताना सायकल छोट्या पुढच्या चक्रावर आणि मागे मधल्या गिअरवर ठेवा, म्हणजे निघताना पाय अडखळत नाहीत. अन्न सायकलवर ठेवू नका, रात्री मुंग्या लागतात. सायकलवरचा छोटा कॉम्प्युटरही काढून घ्या.

टायरमधली हवा शनिवारी दुपारी कमी करून ठेवायची. उन्हात रॅकवर उभ्या असलेल्या सायकलींचे टायर संध्याकाळपर्यंत फुटल्याचे आवाज येतात, आणि फुटतात ते पूर्ण दाब भरून ठेवलेलेच. रविवारी पहाटे ट्रान्झिशन उघडल्यावर पंप घेऊन जा. २८ मिलिमीटरच्या टायरला ७० किलोच्या चालकासाठी ७० ते ७५ पीएसआय पुरतो. तिथे पंप मागायला उभे असलेले दहाजण असतात. आपला भरून झाला की शेजारच्याला द्या, आणि पंपाच्या दांड्यावर बिबचा आकडा लिहिलेली टेप लावून ठेवा, म्हणजे तो परत मिळतो.